देर्लिसचं बोट

चर्चच्या मागच्या सभागृहात त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. इतापुकू गावात एरवी एवढी माणसं दोनच कारणांनी जमतात. एक संताची जत्रा, आणि दुसरी फुकटच्या मांसाची पंगत. त्या दिवशी दोन्हीपैकी काही नव्हतं. त्या दिवशी देर्लिस सगळ्या गावापुढे बोलणार होता.

देर्लिस बारा वर्षांचा. जन्मल्यापासून त्याने एक शब्द उच्चारला नव्हता. हसायचा, ओरडायचा, झाडाखाली बसून तासन् तास पानं चुरायचा. गावाने त्याला ‘खुळा’ म्हणून केव्हाच बाजूला टाकला होता. आणि त्याच गावातली माणसं आता त्याच्या पायाशी मेणबत्त्या ठेवत होती.

मंचावर एक टेबल. टेबलावर अक्षरांचा पुठ्ठा. पुठ्ठ्यासमोर देर्लिस, आणि त्याच्या शेजारी, त्याच्या उजव्या मनगटाखाली स्वतःचा तळवा धरून, निमिया ओकाम्पोस. गावच्या शाळेतली शिक्षिका. वय चव्वेचाळीस, नवरा नाही, मूल नाही, आणि राजधानीतल्या विद्यापीठात शिक्षणशास्त्राची डॉक्टरेट चालू. तिने फक्त आधार द्यायचा. बोट देर्लिसचं, अक्षर देर्लिसचं, वाक्य देर्लिसचं. निदान माएस्त्रो आमादेओ तसं सांगत होते.

माएस्त्रो म्हणजे समुद्रापलीकडून आलेले गुरू. पांढरा सदरा, पांढरी विजार, आवाज मधात बुडवलेला. “बंधू-भगिनींनो,” ते म्हणाले, “हे मूल मुकं नाही. मुकं आहे ते आपलं हृदय! आत एक तत्त्वज्ञ कोंडला होता. आम्ही फक्त दार उघडलं.”

दार उघडायची फी होती, ती अर्थातच स्वेच्छेची. टोपली दाराशीच ठेवली होती.

“आमच्या मेलेल्या म्हाताऱ्याचं पुन्हा विचारू का?” म्हाताऱ्या ब्लासिदाआजी पुढे सरसावल्या. “नको, आधी गाईचं विचारते. माझी काळी गाय कुठं गेली रे, देवाच्या लेकरा?”

देर्लिसचं बोट पुठ्ठ्यावर फिरलं. निमियाने अक्षरं मोठ्याने वाचली: “जिथे पाणी आहे, तिथे शोध.”

सभागृहातून “आहाहा!” उठला. मागे उभा असलेला ट्रॅक्टरवाला ओस्मार पुटपुटला, “एवढ्या पावसात पाणी नाही अशी जागा दाखव म्हणावं, तिथं मी मेणबत्ती लावतो.” बायकोने त्याला अशी काही कोपरखळी मारली की पुढचा विनोद घशातच राहिला.

देर्लिसची आई सुनिल्दा पहिल्या रांगेत बसली होती. मांडीवर गार पाण्याचा तांब्या, हातात शिंगाचा पेला, त्यात तेरेरे या थंड पेयाचा पाला भिजवलेला. उकाडा असा की भिंतींनाही घाम. देर्लिसचा डावा हात मघापासून त्या पेल्याकडे ओढ घेत होता. बोटं हवेत उघडमिट, अंग सगळं तिकडे झुकलेलं. आणि उजव्या हाताचं बोट मात्र पुठ्ठ्यावर लिहीत होतं: “मला तहान आहे ती फक्त ज्ञानाची.”

बायका रडल्या. पाद्रीबाबांनी चष्मा पुसला. पेल्यासाठी तडफडणाऱ्या डाव्या हाताकडे कुणीही पाहिलं नाही. सुनिल्दाने पाहिलं असावं; ती अर्धवट उठली. पण माएस्त्रोंनी तिला तळहाताच्या इशाऱ्याने खाली बसवलं.

मग सुनिल्दाने तिचा प्रश्न विचारला. त्यासाठीच ती आली होती. माएस्त्रोंचं राजधानीच्या पलीकडे एक ‘प्रकाशगृह’ होतं. तिथे अशी मुलं कायमची राहायची. आईबापांनी वर्षातून एकदा भेटायचं, जास्त भेटलं तर म्हणे मुलाच्या आत्म्याशी जुळलेला धागा तुटतो. निमिया तिथली मुख्य मार्गदर्शक होणार होती.

“बाळा,” सुनिल्दा म्हणाली. आवाज फुटत नव्हता. “तुला माएस्त्रोंबरोबर जायचंय का रे? खरं सांग. आई रागावणार नाही.”

बोट फिरलं. “आई, मला जाऊ दे. मी तुला ओळखतो, मी तुझ्यावर प्रेम करतो. पण माझं घर तिथे आहे.”

सुनिल्दाने दोन्ही हात छातीशी गच्च आवळले आणि होकारार्थी मान हलवली. पुढच्या रविवारी गाडी येणार, असं ठरलं.

*

डॉक्टरेटचे वर्ग शुक्रवारी असायचे. पहाटेची बस, लाल मातीचा धुरळा, दुपारी विद्यापीठाच्या गळक्या इमारतीत दहाबारा शिक्षक-शिक्षिका. विषय: संशोधनपद्धती. शिकवायला डॉक्टर एउसेबिया गाओना. अंगाने काटकुळ्या, जिभेने काटेरी. या बाई वर्गात आल्या की आधी आपला तेरेरे भरून घ्यायच्या, मग विद्यार्थ्यांचे प्रबंध फाडायला बसायच्या.

“हं, ओकाम्पोस. तुझा विषय वाच.”

निमियाने अभिमानाने वाचलं: आधार-हस्त पद्धतीने न बोलणाऱ्या मुलांमध्ये होणारं भाषेचं प्रकटीकरण. पुरावा म्हणून आईची मुलाखत, पाद्रीबाबांची मुलाखत, शेजाऱ्यांच्या मुलाखती, आणि मुलाच्या लिखाणाची कात्रणं.

“छान,” गाओनाबाई म्हणाल्या. “म्हणजे देव आहे की नाही ते तू भक्तांना विचारणार.”

वर्ग हसला. निमियाचे कान तापले. “बाई, मी स्वतः साक्षीदार आहे. हात माझ्या हातात असतो. तो ओढतो. मला जाणवतं.”

“आणि हात कुणाचा हलतो, हा प्रश्न आहे. बरोबर?”

“हो.”

“दोन हात एकात एक. आरोप दोघांवर. आणि साक्षीदार कोण, तर आरोपींपैकी एक.” बाईंनी नळीतून शेवटचा घोट ओढला. “कोर्टात उभी करतील का गं तुला?”

“आपल्या देशात करतील,” मागून कुणीतरी म्हणालं, आणि पुन्हा हशा.

गाओनाबाई हसल्या नाहीत. त्यांनी सगळ्यांना कोरा कागद काढायला लावला. “एकच वाक्य लिहा. काय घडलेलं दिसलं तर मी मान्य करीन की माझं म्हणणं चूक होतं? लिहा. ज्याला हे वाक्य लिहिता येत नाही तो संशोधन करत नाही, तो नवस फेडतोय.”

निमियाने पेन धरलं. लिहिता येईना. देर्लिसने चुकीचं उत्तर दिलं तर? तर तो दमला असेल. काहीच लिहिलं नाही तर? माएस्त्रो सांगत, शंकेखोर माणूस जवळ असला की धागा सुकतो. वाट्टेल ते घडो, ती बरोबरच ठरत होती. इतके दिवस तिला हीच त्या पद्धतीची ताकद वाटत होती. कोऱ्या कागदासमोर पहिल्यांदा तिला ते कसंसंच वाटलं. परीक्षेत प्रत्येक उत्तराला पैकीच्या पैकी गुण देणारा मास्तर असावा, तसं.

बाई तिच्या बाकापाशी थांबल्या. कोऱ्या कागदावर त्यांनी नजर टाकली. मग हलकेच विचारलं, “पोराच्या घरी कोणती भाषा बोलतात?”

“ग्वारानी. आईला स्पॅनिश मोडकंतोडकं येतं.”

“आणि पोरगा लिहितो कशात?”

“स्पॅनिशमध्ये.”

“कसलं स्पॅनिश?”

निमियाला त्याची वाक्यं आठवली. ‘तहान आहे ती फक्त ज्ञानाची’ असलं स्पॅनिश. तिच्या स्वतःच्या निबंधांतलं स्पॅनिश. बारा वर्षं ग्वारानी ऐकलेल्या पोराने एकदाही, चुकूनसुद्धा, एक ग्वारानी शब्द लिहिला नव्हता. त्या पुठ्ठ्यावर तर ग्वारानीची खास अक्षरंही नव्हती. कुणाला खटकलं नव्हतं. का खटकेल? या देशात पिढ्यान् पिढ्या शाळेने हेच शिकवलंय: ग्वारानी गोठ्यात, स्पॅनिश डोक्यात. निमिया सात वर्षांची असताना वर्गात ग्वारानी बोलली म्हणून तिला भिंतीकडे तोंड करून, हात पाठीमागे बांधून उभं केलं होतं. खुळा पोरगा शहाणा निघाला म्हटल्यावर त्याचं शहाणपण स्पॅनिशच बोलणार, असं सगळ्या गावाने गृहीत धरलं. तिनेही धरलं. जिला भिंतीकडे उभं केलं होतं, तिनेही.

“बाई, तुम्ही उद्या या,” ती एकदम म्हणाली. “स्वतः बघा. तुम्ही सांगाल ती चाचणी घ्या.” रागाने म्हणाली. बाईंचं तोंड बंद करायची तिला घाई होती. “रविवारी तो जाणार आहे. त्याआधी या.”

“जाणार? कुठे?”

निमियाने सांगितलं. गाओनाबाईंनी पेला खाली ठेवला. “कोण म्हणालं त्याला जायचंय म्हणून?”

“तोच.”

“येते,” बाई म्हणाल्या.

*

शनिवारी शाळेत कुणी नव्हतं. सुनिल्दा देर्लिसला घेऊन आली, आणि बाहेर आंब्याखाली बसली. जाणाऱ्या पोराचा सदरा तिने बरोबर आणला होता. त्याचं बटण शिवत होती.

गाओनाबाईंची सगळी प्रयोगशाळा एका पिशवीत मावली. एक जाड पुठ्ठा, मधोमध दुमडून तंबूसारखा उभा केलेला. चित्रांचा एक गठ्ठा. बस्स. तंबूच्या एका अंगाला देर्लिस, दुसऱ्या अंगाला निमिया. मधून दोघांचे हात खाली अक्षरांच्या पुठ्ठ्यावर. बाई तंबूच्या दोन्ही अंगांना चित्र लावणार. देर्लिसने त्याला दिसलेल्या वस्तूचं नाव लिहायचं, निमियाने नेहमीसारखा आधार द्यायचा.

“माझ्या बाजूलाही चित्र कशाला?” निमियाने विचारलं.

“तुला कळायला नको का तो बरोबर लिहितोय की नाही? नाहीतर उगाच घाबरशील.”

पहिलं चित्र कोंबडीचं. देर्लिसचं बोट फिरलं: कोंबडी. निमियाने बाईंकडे पाहिलं. बाई खिडकीकडे बघत होत्या.

मग छत्री. बोटाने लिहिलं: छत्री. मग किल्ली, मग सायकल. प्रत्येक वेळी निमिया आपल्या बाजूचं चित्र बघायची, आणि प्रत्येक वेळी बोट बरोबर तेच लिहायचं. एकदाही चुकलं नाही. तिच्या छातीवरचं ओझं उतरत चाललं. काल वर्गात हसणाऱ्यांची तोंडं तिला आठवली. माएस्त्रो म्हणाले होते शंकेखोरापुढे धागा सुकेल, कुठे सुकला? उलट झऱ्यासारखा वाहतोय!

सायकलच्या वेळी तेवढा देर्लिस बिथरला. खळखळून हसला, हात सोडवून घेतला, पोटावर थापट्या मारल्या, तंबूवर डोकं घुसळलं आणि दाराकडे बघून हाका मारल्यासारखं ओरडला.

“असं नाही राजा, लक्ष दे,” निमियाने त्याचं मनगट पुन्हा धरलं, जरा घट्टच. “लिही बरं.” आणि त्याने लिहिलं: सायकल.

“झालं,” गाओनाबाई म्हणाल्या. आवाज अगदी बारीक.

“बघितलंत ना, बाई? सगळी बरोबर!”

“निमिया,” बाईंनी तिला पहिल्यांदाच नावाने हाक मारली. “उठ. त्याच्या बाजूला येऊन बस.”

निमिया टेबलाला वळसा घालून गेली. तंबूच्या त्या अंगाला, देर्लिसच्या डोळ्यांसमोर, चिपाचं चित्र होतं. चीज घातलेलं, भट्टीतून काढलेलं पावाचं खमंग कडं. गावातल्या प्रत्येक पोराच्या जिभेला पाणी सुटेल असं.

“सायकल कुठंय?” ती म्हणाली.

“तुझ्या बाजूला.”

“आणि छत्री?”

“तुझ्या बाजूला. त्याला मांजर होतं. किल्लीच्या वेळी त्याला चेंडू. फक्त कोंबडी दोघांना होती.”

माणूस उंचावरून पडतो तेव्हा आधी त्याला काही कळत नाही म्हणतात. निमियाने चिपाचं चित्र उचलून उलटसुलट करून पाहिलं. मग हमरीतुमरीवर आली. “तो दमला होता! तुम्ही फसवलंत! त्याने माझं मन वाचलं असेल!”

“असेल,” बाई म्हणाल्या. “मग तू डोळे मिट. तो बघू दे. तू आधार दे.”

निमियाने डोळे मिटले. बाईंनी देर्लिससमोर पुन्हा कोंबडी ठेवली. बोट फिरलं, थांबलं, भलतीकडे गेलं. डोळे उघडून तिने अक्षरं पाहिली. कसलाच शब्द नव्हता. अक्षरांचा नुसता पालापाचोळा. देर्लिस तर पुठ्ठ्याकडे बघतही नव्हता. मघाशी चिपा बघून तो हसला होता, पोट थोपटलं होतं, दाराकडे, जिथून चिपावाली येते त्या दाराकडे बघून ओरडला होता. तो बोलत होता. त्याला जसं येतं तसं. आणि तिने त्याचं मनगट धरून त्याचं बोलणं मोडलं होतं, सायकल लिहिण्यासाठी.

“मी मुद्दाम नाही केलं,” ती म्हणाली. “शपथ घेते, बाई. मला खरंच वाटायचं तो ओढतोय.”

“मला माहीत आहे. तेच तर भयंकर आहे. मुद्दाम केलं असतंस तर तुला थांबताही आलं असतं.”

“माएस्त्रोंना माहीत असेल?”

“त्याने कधी असा पुठ्ठा दुमडून बघितला नाही, एवढं मला माहीत आहे. ज्याला खरं हवं असतं तो बघतो.”

निमियाने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. याच हाताने लिहिलं होतं, ‘मला जाऊ दे.’ प्रकाशगृहाची मुख्य कोण होणार होती? प्रबंध कुणाचा पुरा होणार होता? तिला वाटलं, हा हात कुठेतरी ठेवून यावा. कुठे ठेवतात असला हात?

*

आंब्याखाली सुनिल्दा दात लावून दोरा तोडत होती. निमिया तिच्यासमोर मातीत बसली. खुर्ची होती, पण बसवेना. आणि ती ग्वारानीत बोलली, कितीतरी वर्षांनी. पुठ्ठ्याचं, चित्रांचं, सायकलीचं, चिपाचं, सगळं सांगितलं.

सुनिल्दाने सुई सदऱ्यात खोचली. “म्हणजे जायचंय असं तो म्हणाला नाही.”

“नाही.”

“कोण म्हणालं?”

“मी.”

“आणि ते... मी तुला ओळखतो. माझ्यावर प्रेम...” ती थांबली. “ते तरी त्याचं आहे ना, बाई?”

“तेही मीच. मला माहीत नव्हतं की मीच आहे.”

सुनिल्दाने तिच्या थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. तिने मारलं नाही. ती सदऱ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “रोज संध्याकाळी मी ते वाक्य मनात म्हणत होते. चूल पेटवताना. तू माझ्या पोराच्या तोंडात जाऊन बसलीस, बाई. आणि मी तुझ्याच पाया पडले.”

मग एकाएकी तिचा चेहरा कठीण झाला. “नाही. तू आत्ता खोटं बोलतेस. त्या शहरातल्या बाईने तुझं डोकं फिरवलंय. त्याचंच होतं ते.”

अशा वेळी कोणता पुरावा द्यायचा असतो? निमिया उठली, आतून देर्लिसला घेऊन आली, आणि पुठ्ठा अन् चित्रं सुनिल्दापुढे ठेवली. “तूच लाव. माझ्या बाजूला काय लावायचं ते तू ठरव. मला दाखवू नकोस.”

सुनिल्दाने स्वतः चित्रं लावली. स्वतः बघितलं. मग आणखी लावली. मग तिने पुठ्ठा मिटला, आणि देर्लिसला उठवून घरी घेऊन गेली. सदरा बाकावर राहिला.

*

रविवारी गाडी आली. माएस्त्रो आले. सभागृह पुन्हा तुडुंब, या वेळी निरोप द्यायला. सुनिल्दा रिकाम्या हाताने आली, पिशवी न भरता. देर्लिस तिच्या मागे.

निमिया दोरे, अंगठ्या आणि पेल्यांची पिशवी घेऊन मंचावर गेली. गाओनाबाई मागच्या रांगेत ओस्मारशेजारी बसल्या होत्या. आपण मदतीला उठणार नाही, असं त्यांनी सकाळीच बजावलं होतं. ‘घाण तू केलीस, झाडू तुझ्याच हातात.’

“मला एक खेळ दाखवायचाय,” निमिया म्हणाली. “बायकांनो, गरोदर बाईच्या पोटावर दोऱ्याला अंगठी बांधून धरतात, ते ठाऊक आहे ना? गोल फिरली तर मुलगी, सरळ झुलली तर मुलगा.”

“ठाऊक म्हणजे?” ब्लासिदाआजी ठसक्यात म्हणाल्या. “मी आख्ख्या गावाची पोरं ओळखलीत तिच्यावर!”

“माझ्या वेळी मुलगा सांगितला होतात, आजी,” कुणीतरी म्हणालं. “निघाली लुसिया.”

“तू श्वास धरला नव्हतास!”

हशा झाला. निमियाने दोरे आणि अंगठ्या वाटल्या. पेल्यावर दोरा धरायचा, हात मुळीच हलवायचा नाही. प्रत्येकाच्या कानात तिने एकेक वाक्य सांगितलं. कुणाला सांगितलं, तुमचा पेला मुलीचा, अंगठी गोल फिरेल. कुणाला सांगितलं, मुलाचा, सरळ झुलेल. पेले सगळे सारखेच होते, रिकामे.

जरा वेळाने अंगठ्या हलू लागल्या. गोल म्हणून सांगितलेल्यांच्या गोल, सरळवाल्यांच्या सरळ. ओस्मारचा हात दगडासारखा स्थिर होता, तरी अंगठी गरगर चक्कर मारत होती. “आयला!” तो ओरडला. “मी नाही हलवत! बायकोची शपथ!”

“माझी कशाला घेतोस?”

“आता सांगा, कानात काय सांगितलं होतं,” निमिया म्हणाली.

त्यांनी सांगितलं. एकमेकांच्या पेल्यांकडे पाहिलं. कुजबुज मावळली.

“तुम्ही खोटं बोलत नव्हता,” निमिया म्हणाली. “हात हलवला तुम्हीच, पण तुम्हाला कळलं नाही. मनात जे धरलंत ते हाताने केलं, बारीक, मुंगीच्या पावलाएवढं. दोऱ्याने ते मोठं करून दाखवलं. आता दोऱ्याच्या जागी एका पोराचा हात समजा.” तिने आपला उजवा हात वर धरला. “गेल्या रविवारी जे ऐकलंत त्यातलं एकही अक्षर देर्लिसचं नव्हतं. सगळं माझं होतं. मी तपासून बघितलंय. त्याला एक चित्र दाखवलं, मला दुसरं. प्रत्येक वेळी त्याने माझं लिहिलं.”

माएस्त्रो उठले. मध थोडा आंबट झाला होता. “बंधू-भगिनींनो, हे दुःखद आहे, पण नवं नाही. प्रेमाची परीक्षा घेतली की प्रेम मुकं होतं! आत्मा प्रयोगशाळेत बोलत नाही. शंकेने धागा—”

“माएस्त्रो,” मागून ओस्मारचा आवाज आला, “प्रेम फक्त फी घेताना बोलतं का?”

“आत्म्याला भाषा नसते, मूर्ख माणसा!”

“मग,” सुनिल्दा म्हणाली. ती बसल्या जागेवरूनच बोलली, ग्वारानीत, आणि सगळं सभागृह चिडीचूप झालं. “मग माझ्या पोराचा आत्मा इतके दिवस बाईंच्या स्पॅनिशमध्ये का बोलत होता? धरा तुम्ही त्याचा हात. मी तुमच्या पाठीमागे त्याला एक गोष्ट दाखवते. काय दाखवलं ते त्याच्याकडून लिहून घ्या. लिहिलंत तर घेऊन जा त्याला.”

माएस्त्रोंनी देर्लिसकडे पाहिलं, पुठ्ठ्याकडे पाहिलं, आणि मग घड्याळाकडे पाहिलं. रस्ता लांबचा आहे म्हणाले. टोपली मात्र विसरले नाहीत.

गावाने काय केलं म्हणता? टाळ्या वगैरे काही नाही. अर्धी माणसं मान खाली घालून बाहेर पडली. ब्लासिदाआजी मेणबत्त्यांचे बुडखे गोळा करता करता पुटपुटल्या, “गेल्या महिन्यात मी या पोराला माझ्या मेलेल्या नवऱ्याचं विचारलं होतं. तुला माफ केलंय म्हणाला. मग ते माफ कुणी केलं गं मला?” निमिया वाकून त्यांच्याबरोबर बुडखे उचलू लागली. काहीजण तिच्या अंगावर ओरडले: एवढं चांगलं चाललं होतं, काय गरज होती? ही माणसं नेहमी असतात. ज्या खोट्याने डोळ्यांत पाणी येतं ते त्यांना खऱ्यापेक्षा पवित्र वाटतं. बारा वर्षांचा पोरगा परक्या घरात जन्मभर कोंडला गेला असता, तरी त्यांचे अश्रू गोडच राहिले असते.

तेव्हा ज्याने हे वाचलं त्याने एवढंच करावं. जत्रेत, देवळात, दवाखान्यात, आणि हो, विद्यापीठातसुद्धा, कुणी चमत्कार दाखवला की त्याच्या तेजाकडे बघू नका. त्याला विचारा: काय दिसलं तर तू म्हणशील की मी चुकलो? उत्तर नसेल तर उठा आणि घरी जा. आणि हा प्रश्न त्याच्या आधी स्वतःला विचारा, कारण सगळे ठग पांढरा सदरा घालत नाहीत. काही ठग आपल्याच बाहीत राहतात, प्रेमळ असतात, आणि आपण त्यांना ओळखत नाही.

निमियाचा प्रबंध दुसऱ्याच नावाने, उशिरा, लिहिला जातो आहे. त्यातल्या पुराव्याच्या प्रकरणात तिचं स्वतःचं नाव आहे, आरोपी म्हणून. तिला ते खोडावंसं वाटतं. गाओनाबाई खोडू देत नाहीत.

देर्लिस शाळेत येतो. आता त्याच्यापुढे चित्रं मांडलेली असतात: पेला, चिपा, चेंडू, आंब्याचं झाड. हवं ते चित्र त्याने उचलून द्यायचं. त्याच्या अंगाला कुणी हात लावायचा नाही. कितीतरी दिवस त्याने काहीच उचललं नाही; चित्रं चुरगळली, फेकली. एकदा तो घाईने दाराकडे गेला तेव्हा निमिया आनंदाने म्हणणार होती, बघा, त्याला बाहेर जायचंय! आणि तिने जीभ चावली. एका हालचालीवर पुन्हा ग्रंथ लिहायचा नाही.

मग एका दुपारी त्याने चिपाचं चित्र उचललं. इकडे तिकडे पाहिलं. दारात सुनिल्दा उभी होती. निमियाशी ती अजून बोलत नाही, फक्त पोराला सोडायला आणि न्यायला येते. देर्लिसने ते चित्र नेऊन आईच्या हातात दिलं. कुणीही काही वाचून दाखवलं नाही. सुनिल्दाने पिशवीतून चिपाचं कडं काढलं, मोडलं, आणि अर्धं त्याला दिलं.

निमिया भिंतीला टेकून उभी होती. तिचे दोन्ही हात पाठीमागे होते. या वेळी ते तिने स्वतःच धरून ठेवले होते.